परड्यातलं वर्ष

[दृश्य : उतरत्या कौलांचं घर. मागचं दार उघडतं. जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे बुटकी भिंत, त्याच्या आत मोकळी लाल जमीन. मे महिन्याची सकाळ.]

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आकडा ऐकून वाटेल, इथे झाडांना पाणी घालायचा प्रश्नच कुठे येतो? पण हा पाऊस जवळजवळ सगळाच्या सगळा चार महिन्यांत पडून मोकळा होतो, आणि खालचा जांभा काही तो धरून ठेवत नाही. श्रावणात घरामागच्या ज्या परड्यात पाय रुततो, त्याच परड्यात फाल्गुनात कुदळ मारली तर ठणकन वाजते. तेव्हा कोकणात घरामागे चार भाज्या आणि चार फुलझाडं लावायची, म्हणजे आधी पाण्याचा हिशेब शिकायचा.

हे परडं दोनेक गुंठ्यांचं. एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला न्हाणीघर, मागे गोठा. गोठ्यात आता गुरं नाहीत, त्यामुळे शेणखत विकत आणावं लागतं. एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी : या परड्याने घराचे पैसे वाचत नाहीत. खत, जाळी, दरवर्षी नव्याने घालावी लागणारी वई, म्हणजे काट्याकुट्यांचं कुंपण, आणि घरच्या माणसांच्या कंबरेचे हाल हिशेबात धरले, तर आठवडी बाजारातली भेंडी नक्कीच स्वस्त पडते. मग एवढा खटाटोप कशासाठी? घरच्या काकूंना विचारलं, तर हातातलं काम न थांबवता त्या म्हणाल्या, "सकाळी उठून बघायला काहीतरी हवं ना!"

[दृश्य : माजघरातून वर बघितल्यावर दिसणारा वासा. वाशाला टांगलेली वाळकी घोसाळी, मक्याची कणसं.]

बागेचं वर्ष बियांपासून सुरू होतं, आणि बिया घरात असतात. चुलीच्या वरच्या वाशाला वाळकं घोसाळं लटकलेलं असतं. हलवलं की आत बी खुळखुळतं. धुरामुळे त्याला कीड लागत नाही. भोपळ्याचं बी राखेत घोळवून डब्यात. आणि काकडीचं बी? ते शेणाच्या गोळ्यात थापून पडवीच्या भिंतीला चिकटवलेलं असायचं. पेरायच्या वेळी गोळा काढायचा, फोडायचा, की बी खडखडीत कोरडं. आता भिंतींना रंग लागलाय आणि स्वयंपाक गॅसवर होतो, म्हणून या घरातलं निम्मं बी कॉफीच्या बाटल्यांत गेलंय. बाटलीवर कागद चिकटवून नाव लिहिलेलं. एका बाटलीवर नुसतंच लिहिलंय, "चांगलं बी". कशाचं, ते पेरल्यावर कळणार!

अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला वेलांची आळी खणून ठेवतात. हळदीचे आणि आल्याचे कोंबही याच दिवसांत जमिनीत जातात. आळ्यात तळाला पातेरा म्हणजे वाळका पालापाचोळा, वर शेणखत, त्यावर माती, आणि मग आळं तसंच तापू द्यायचं. 25 मेच्या आसपास रोहिणी नक्षत्र लागतं. एखादी वळवाची सर येते, धूळ बसते, आणि घरातल्या सगळ्यांचे हात शिवशिवायला लागतात. इथेच नवशिका फसतो. रोहिणीच्या सरीवर विसंबून बी टाकलं आणि पुढचे आठ दिवस उघडीप पडली, तर कोवळा मोड करपून जातो. काकू मृगाची वाट बघतात. मृग लागतो 7 किंवा 8 जूनला. त्यातही पाऊस दोन दिवस सलग टिकला, की मगच बाटल्यांची झाकणं उघडतात.

[दृश्य : ओली माती. बोटाने पाडलेलं भोक, त्यात पडणारं पडवळाचं बी. खूप जवळून.]

पडवळाचं बी पाहिलंय कधी नीट? चपटं, करड्या-तपकिरी रंगाचं, कडा वेड्यावाकड्या कातरलेल्या. साल इतकी जाड, की रात्रभर पाण्यात भिजवल्याशिवाय ते बधत नाही. एका आळ्यात तीन-चार बिया, बोटाच्या एका पेराइतक्या खोल. उगवल्यावर त्यातली जोमदार दोन ठेवायची, बाकीची उपटायची. हे उपटणं कुणालाच आवडत नाही. काकूंची सून तर उपटलेली रोपं गुपचूप गडग्याच्या पलीकडे नेऊन लावते. त्यातली निम्मी जगतातही.

रोपाला पहिली दोन पानं फुटली की लाल भुंगेरे हजर. आकाराने मसुरीच्या डाळीहून जरा मोठे, नारिंगी-लाल, आणि पानांची अशी चाळण करतात की बघवत नाही. त्यावर घरचा उपाय म्हणजे राख. सकाळी पान ओलं असतानाच भुरभुरायची, म्हणजे चिकटून राहते. पाऊस आला की धुऊन जाते, मग पुन्हा भुरभुरायची. आषाढ सगळा यातच जातो.

पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस, असं इकडे म्हणतात. जुलैचा महिना या दोघांचा. बाहेर काम असं काही करता येत नाही. बांबूच्या खांबांवर काठ्या आडव्या टाकून मांडव आधीच घातलेला असतो, वेलाला सुतळीने वर चढवून दिलं की झालं. पुढचं वेल आपलं आपण बघतो. तोवर माठ काढणीला येतो. पेरल्यापासून महिन्याभरात ताटात पडणारी भाजी ती, म्हणून परड्याचा पहिला मान तिचा. लसणाची फोडणी, वर ओलं खोबरं, आणि तांदळाची भाकरी.

[दृश्य : संध्याकाळ. मांडवाखालून वर बघणारा कॅमेरा. पांढरी फुलं उघडताना.]

आता या मांडवाखाली थोडं थांबू या, कारण सबंध वर्षातली सगळ्यात सुंदर वेळ बहुतेक लोकांच्या नजरेतून निसटते.

वेलभाज्यांची फुलं सगळी एकाच वेळी उमलत नाहीत. काकडी, भोपळा, कारलं, घोसाळं ही मंडळी सकाळची. पिवळी फुलं, त्यांवर मधमाश्या. पण दोडका, दुधी आणि पडवळ यांचा दिवस उजाडतो तो ऊन कलल्यावर. दोडका आणि घोसाळं तसे सख्खे भाऊ, दोघांची फुलं पिवळीच. पण घोसाळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दोडक्याचं संध्याकाळी. दुधीचं फूल पांढरं, पातळ, चुरगळलेल्या मलमलीचं. आणि पडवळाचं? पाच पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीच्या कडेला पांढऱ्या तंतूंची झालर. दिवसभर ही झालर आत गुंडाळलेली असते. अंधार पडायला लागला की ती सुटत जाते. रात्री येणाऱ्या पतंगांसाठी हा थाट असतो, आपल्यासाठी नाही. बाजारातून पडवळ आणणाऱ्या माणसाला त्याला असं फूल येतं याचा पत्ताच नसतो.

सुरुवातीला येणारी फुलं बहुतेक नराची असतात. ती गळतात, आणि पहिल्यांदाच वेल लावणारा माणूस घाबरतो : फुलं येतात, फळ का धरत नाही? धीर धरायचा. मादी फुलाच्या खाली देठाजवळ इवलंसं फळ आधीपासूनच असतं, दोडक्याला दोडक्याचं, भोपळ्याला भोपळ्याचं. ते दिसलं की ओळखायचं. पावसाची झड लागून माश्या फिरकल्या नाहीत, तर नर फूल तोडून त्याच्या मधला दांडा मादी फुलाला हळूच टेकवतात. काकूंचा नातू हे काम फार गंभीरपणे करतो. आपण हात लावलेल्या प्रत्येक भोपळ्याला तो दोरा बांधून ठेवतो, आणि पुढे कापताना तो भोपळा "माझा" असतो.

पडवळ वितभर झालं की त्याच्या टोकाला सुतळीने दगड बांधायचा. नाहीतर ते वळतं, वेटोळं घालतं आणि चिरताना वैताग आणतं. दगड फार जड झाला तर पडवळ तुटतं, हलका झाला तर ऐकत नाही. म्हणून गडग्याच्या कडेला पडवळाचे दगड वेगळे काढून ठेवलेले आहेत, गुळगुळीत, मुठीत मावतील असे. वर्षानुवर्षं तेच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण श्वेता' नावाची पडवळाची जात काढली आहे. या परड्यात तीही लावून झाली. पण इथलं जुनं, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं पडवळ काही हटलेलं नाही.

[दृश्य : कौलांवर धाड्‍धाड् आवाज. मांडवाची तुटलेली काठी. अर्धवट खाल्लेली काकडी.]

आणि मग माकडं येतात.

कोकणातल्या परड्याबद्दल बोलायचं आणि माकडांचं नाव काढायचं नाही, हे शक्य नाही. काळतोंडे वानर आणि लाल तोंडाची माकडं, दोन्हींचा उपद्रव. खातात थोडं, नासतात जास्त. काकडी एक घास घेऊन टाकायची, दुसरी तोडायची. कोवळी फुलंसुद्धा ओरबाडतात. फटाके, गलोल, पत्र्याचे डबे, टांगलेल्या सीड्या, सगळं करून झालंय. चार दिवस बिचकतात, पाचव्या दिवशी त्या सीडीशीच खेळतात. आजूबाजूच्या वाडीत फिरलात तर कितीतरी परडी नुसती रान माजलेली दिसतील, आणि विचारलं तर उत्तर एकच : माकडं. माणसं आळशी झाली म्हणून परडी ओस पडली, असं मुंबईत बसून म्हणणं सोपं आहे. चार महिने राबून हातात मोडका मांडव आला की कुणाचंही मन उडेल. या घराने मांडवाला वरून खालपर्यंत जाळी मारली, म्हणून इथे अजून पडवळ आहे. जिथे जाळी पुरली नाही तिथे काकूंनी सुरण आणि हळद लावून टाकली. जमिनीखालचं माकडांना सुचत नाही. अजून तरी.

[दृश्य : श्रावण-भाद्रपद. हळदीची रुंद पानं. न्हाणीघरामागचं अळू. तेरड्याचे गुलाबी ताटवे.]

श्रावण आला की परडं खऱ्या अर्थाने भरतं. मेमध्ये लावलेल्या हळदीला आता हात-हातभर पानं आलेली असतात. नागपंचमीला त्यांवर तांदळाचं पीठ थापतात, सारण भरतात, पान दुमडतात आणि उकडतात. झाल्या पातोळ्या. मोदकपात्राचं झाकण उचलल्यावर येणारा तो वास पडद्यावरून तुमच्यापर्यंत पोचवायची सोय आमच्याकडे नाही, याचं वाईट वाटतं.

न्हाणीघराच्या मागे, जिथे आंघोळीचं पाणी जातं, तिथे अळू. काळ्या देठाचं वडीला, हिरव्या देठाचं फतफत्याला. कुणी लावलेलं आठवत नाही, कुणी काढूनही टाकत नाही. पाहुणा आला, घरात भाजी नाही, की विळी घेऊन मागच्या दाराने बाहेर जायचं. चिंच किंवा आमसूल मात्र विसरायचं नाही, नाहीतर पाहुणा घसा खाजवत घरी जाईल आणि चारचौघांत सांगेल.

भाद्रपदात गणपती येतात आणि परड्याचं खरं मोल कळतं. दूर्वा, आघाडा, जास्वंद गडग्याच्या आतच. गौर तेरड्याची. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते खरं, पण गौरीला राहायचंय तरी किती! दक्षिणेला सिंधुदुर्गात गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात, गोव्यात तिला माटोळी म्हणतात. लाकडी चौकटीला परड्यातली आणि रानातली फळं, फुलं, भाज्या टांगलेल्या : काकडी, दोडकी, नारळाचा घड, सुपारीचा घोस, रानातली कवंडळाची फळं.

आणि गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, असा नियम. नांगर न लागता, माणसाच्या हाताने पिकलेलं तेवढंच चालतं. म्हणजेच परड्यातलं! अळूचे देठ, माठ, भेंडी, पडवळ, दोडका, लाल भोपळा, सुरण, मक्याचं कणीस, सगळं एका पातेल्यात. तेलाची फोडणीसुद्धा नाही. मे महिन्यापासून काय काय लावलं त्याचा सगळा हिशेब त्या एका भाजीत येतो. शहरात ही भाजी तयार चिरून पिशवीतून मिळते. ती चांगली असते. पण तिच्यात कुठला भोपळा कुणाचा, हे सांगता येत नाही.

याच दिवसांत चिबूड पिकतं. ते पिकल्याची खबर नाक देतं. रात्रीतून फुटतं, पिठूळ गर उघडा पडतो, गूळ किंवा साखर घालून खायचं. तवशाचं धोंडस होतं : जून, मोठी काकडी किसून, तांदळाचा रवा आणि गूळ घालून मंद आचेवर भाजलेलं. आणि भेंडी, दोडकी इतकी येतात की घर ऐकेनासं होतं. मग वाटप सुरू. शेजारी, पाजारी, पोस्टमन, सुट्टी संपवून मुंबईला निघालेले चाकरमानी. त्यांच्या पिशवीतून पडवळ बाहेर डोकावत असतं. आमच्या मते परड्याची सगळ्यात मोठी चैन हीच : विकत घेतलेली भाजी कुणी असं दारोदार वाटत फिरत नाही.

[दृश्य : ढग विरळ. वाळत चाललेला मांडव. वईवर कारीटाची पिवळी फळं.]

27 सप्टेंबरच्या सुमाराला हस्त लागतो. गडगडाट करत दुपारच्या सरी येतात आणि पाऊस निरोप घेतो. मांडव पिवळा पडतो. ऑक्टोबरच्या उन्हात परड्यात बघण्यासारखं फारसं काही नसतं. सगळे भातकापणीला गेलेले असतात. वईवर आपोआप उगवलेल्या कारीटांची तेवढी चलती, कारण नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपुढे ते पायाच्या अंगठ्याने फोडायचं असतं. कडू जहर. एरवी त्याच्याकडे कुणी बघत नाही.

दिवाळी झाली की पाण्याचं दुसरं पर्व सुरू होतं. आता आभाळाकडून काही मिळणार नाही, जे आहे ते विहिरीत. विहिरीजवळच्या पट्ट्यात लहान-लहान वाफे पडतात : मुळा, मेथी, कोथिंबीर, वांगी, मिरची. पूर्वी रहाटाचं पाणी पाटाने यायचं, आता अर्ध्या अश्वशक्तीचा पंप आहे. पण दार धरायचं काम तेच. एक वाफा भरला की कुदळीने मातीचं दार बंद करायचं आणि पुढचं उघडायचं. सकाळच्या थंडीत अनवाणी पायांवरून ते पाणी जातं तेव्हा कोमट लागतं, कारण विहिरीच्या तळाला थंडी पोचलेली नसते. नातवाला शाळेत पाठवायला या दिवसांत सगळ्यात जास्त उशीर होतो.

थंडी म्हणजे खणायचाही हंगाम. सुरणाचं छत्रीसारखं पान पिवळं होऊन आडवं पडलं की खाली गड्डा तयार. कणगी आणि करांदे हे कंदही याच वेळेला. खणताना काय निघेल हे माहीत नसतं, आणि त्यामुळेच सगळे भोवती जमतात. एखाद्या वर्षी गड्डा नारळाएवढाच निघतो. तेव्हा कुणी काही बोलत नाही. कणगी मीठ घालून उकडायची, सोलत-सोलत खायची. उत्तरेकडे रायगडात याच थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी लागते : मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, ओवा आणि मीठ, पाण्याचा थेंब नाही, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ.

[दृश्य : माघ-फाल्गुन. विहिरीचं खाली गेलेलं पाणी. मोगऱ्याचं छाटलेलं, बोडकं झुडूप.]

फाल्गुनापासून विहीर खाली जायला लागते, आणि कुणाला पाणी द्यायचं, कुणाला नाही, याचा निवाडा रोज संध्याकाळी होतो. मिरचीला एक तांब्या. वांग्याला एक आड एक दिवस. मेथीचा वाफा मोडला. भांड्यांचं पाणी केळीला, आंघोळीचं नारळाला आणि अळवाला. "माणसं दोन वेळा आंघोळ करतात म्हणून नारळ लागतात," हे काकूंचं शास्त्र. झाडांच्या बुंध्याशी पातेऱ्याचा जाड थर, म्हणजे ओल टिकते. पण तोच पातेरा भाताच्या राबालाही, म्हणजे रोपांसाठी जमीन भाजायलाही, हवा असतो, त्यामुळे काका आणि काकू यांच्यात दरवर्षी एक भांडण ठरलेलं.

या कंजूष दिवसांच्या आधीच एका झाडाची तहान मुद्दाम ताणलेली असते, ती मोगऱ्याची. मार्गशीर्ष-पौषात त्याचं पाणी तोडायचं, छाटणी करायची, पानंही बरीचशी काढून टाकायची. झुडूप अगदी दीनवाणं दिसतं. माघात मुळाशी खत घालून पाणी सुरू केलं, की चैत्रात प्रत्येक शेंड्याला कळ्या. त्यांच्या आधी हजेरी लावून जाते ती सुरंगी. तिकडे वेंगुर्ल्याच्या बाजूला फेब्रुवारी-मार्चमध्ये तिचे वळेसर, म्हणजे गजरे, विकायला येतात. मोगऱ्याची कळी मात्र संध्याकाळी तोडायची, मिटलेली असतानाच. ओल्या फडक्यात ठेवायची. जेवणं आटपेपर्यंत ती उमलते आणि माजघरात नुसता घमघमाट.

[दृश्य : मे. पडवीत पाहुणे. कॉफीच्या बाटल्या पुन्हा खाली उतरलेल्या.]

मे महिन्यात घर मुंबईकरांनी भरतं. आंबे-फणस खाऊन झाले की बियांचा विषय निघतोच. धाकट्या नणंदेला डोंबिवलीच्या गॅलरीत पडवळ लावायचंय.

"येईल का गं वहिनी, कुंडीत?"

"न यायला काय झालं! पण ऊन किती वेळ येतं?"

"सकाळी नऊपर्यंत."

"मग नाही यायचं. पडवळाला निदान सहा तास ऊन लागतं. तू आपलं अळू ने, नाहीतर आलं. तेवढ्या उन्हात ते होईल."

नणंदेचं तोंड उतरतं. काकू बाटली उघडतात, पडवळाच्या पाच-सहा बिया कागदाच्या पुडीत बांधतात आणि तिच्या हातावर ठेवतात. "ने. नाही आलं तर शेजारणीच्या गॅलरीत सोड. तिच्याकडे दुपारचं ऊन असेल."